व्हॉल्व्ह, जवारी आणि गिटारचा नाद : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

हिंदी व मराठी चित्रपटसंगीताच्या इतिहासलेखनात गायक, गीतकार आणि संगीतकार यांना मानाचे स्थान मिळाले आहे. वाद्यवृंदातील वादकांकडे अभ्यासकांचे लक्ष वळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतील वादकांवरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तोपर्यंत निनावी राहिलेल्या अनेकांची नोंद प्रथमच विद्यापीठीय संशोधनात झाली. वादकांच्याही पलीकडे आणखी एक घटक आहे व तो आजही जवळजवळ अस्पर्शित आहे. विद्युत गिटारची तार छेडल्यावर श्रोत्याच्या कानी जो नाद पडतो, तो तारेचा जितका असतो तितकाच विवर्धकाचा, म्हणजे नेहमीच्या बोलीतील अ‍ॅम्प्लिफायरचा असतो. आणि १९३० ते १९७० या कालखंडात अ‍ॅम्प्लिफायरचा प्राण म्हणजे निर्वात नलिका अथवा व्हॉल्व्ह होता.

निरनिराळ्या व्हॉल्व्हमुळे गिटारचा नाद कसा बदलतो याची चर्चा बहुधा वादक आणि विक्रेते यांच्यातच होते, आणि तीत आख्यायिकांचे प्रमाण मोठे असते. प्रस्तुत निबंधात हा विषय इतिहासाच्या अंगाने पाहिला आहे. गिटारसाठी म्हणून प्रसिद्धी पावलेल्या व्हॉल्व्हपैकी जवळजवळ एकही गिटारसाठी घडविला गेला नव्हता. ते रेडिओसाठी, ध्वनिमुद्रणयंत्रांसाठी आणि सार्वजनिक सभांच्या ध्वनिक्षेपकांसाठी निघाले, आणि ज्या देशात जो व्हॉल्व्ह स्वस्त व सुलभ होता त्याचा गुणधर्म त्या देशातील गिटारचा 'स्वभाव' बनला. ही दृष्टी स्वीकारली तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, मुलुंड या उपनगरांचा इतिहास या विषयाशी अनपेक्षितपणे जोडला जातो.

जवारी आणि विकृती

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली जाते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. धागा योग्य जागी आला की तार 'बोलू' लागते. नसेल तर तीच तार मुकी वाटते. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी काही भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखवून दिले की, तंबोरा व वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेत असे उपस्वर निर्माण होतात जे छेडण्याच्या जागेचा विचार करता तेथे असावयास नकोत. तारेचे कंपन आणि घोडीचा पृष्ठभाग यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नसतो, हे त्याचे कारण. मूळ ध्वनीत नसलेले काहीतरी साधन स्वतःच्या पदरचे घालते, आणि आपला कान त्यास दोष न मानता गोडवा मानतो.

व्हॉल्व्हच्या बाबतीतही हेच घडते. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, निर्वातातून धनाग्राकडे जातात, आणि मध्ये बसविलेली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांच्या प्रवाहाचे नियंत्रण करते. जाळीवरील विद्युतदाबात किंचित बदल झाला की धनाग्रावर तो अनेक पटींनी मोठा होऊन उमटतो. संकेत लहान असेल तोवर ही वाढ बऱ्यापैकी प्रमाणबद्ध राहते. संकेत मोठा झाला की प्रवाहास वर एक कमाल मर्यादा आणि खाली शून्याची मर्यादा भेडसावते, व लहरीची टोके कापली जाऊ लागतात. यालाच अभियंते विकृती म्हणतात. ट्रान्झिस्टरमध्ये हा छेद बहुधा एकाएकी पडतो. व्हॉल्व्हमध्ये लहर आधी वाकते आणि मग कापली जाते. हा वाकण्याचा पल्ला म्हणजे गिटारची जवारी होय.

पुढील तपशील भारतीय स्वरसंज्ञांत अधिक सहज उमगतो. एकच त्रिप्रस्थ व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रायोड, लहरीच्या वरच्या व खालच्या अर्ध्या भागाशी असमान वागतो; त्यातून मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर मिळतो, म्हणजेच वरच्या सप्तकातील षड्ज. त्याने नाद भरदार होतो, परका वाटत नाही. शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. या जोडणीत त्या दोहोंतून उपजणारे दुप्पट, चौपट असे सम उपस्वर परस्परांस बव्हंशी खोडून काढतात आणि तिप्पट, पाचपट हे विषम उपस्वर उरतात. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे गंधार, तोच तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार. सातपट मात्र कोमल निषादाहूनही उतरलेला स्वर आहे व तो वाढला की नाद खरखरीत होतो. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर यांची तुलना केली तेव्हा त्यांचा भर याच मुद्द्यावर होता : अतिभारित अवस्थेत कोणते उपस्वर पुढे येतात यावर श्रोत्याचा अनुभव ठरतो.

रॉक संगीतातील गिटारवादक विकृत नादात पूर्ण संघात टाळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी का वाजवितात, याचे उत्तरही येथेच आहे. षड्ज-पंचमाचे प्रमाण २ : ३, विकृतीतून त्यांच्या वजाबाकीचा, म्हणजे १ या प्रमाणाचा स्वर उत्पन्न होतो, आणि तो असतो खालच्या सप्तकातील षड्ज. दोन तारांतून तिसरा, आधार देणारा स्वर मिळतो. गंधार मिसळला की अडचण येते, कारण गिटारच्या पडद्यांवरील समविभागी गंधार शुद्ध गंधाराहून चढा आहे आणि विकृती ही चूक झाकण्याऐवजी उघडी पाडते. हार्मोनियमच्या गंधाराविषयी आपल्याकडील जाणकारांची जी जुनी तक्रार आहे, ती येथे मोठ्या आवाजात ऐकू येते इतकेच.

नावांतील अर्थ आणि घराणी

रेडिओचा वृद्ध कारागीर व्हॉल्व्हचे नाव वाचून त्याचे कूळ सांगत असे. युरोपीय पद्धतीत 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा तापक, 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एल' म्हणजे ध्वनिक्षेपक चालविणारा शक्तिशाली पेंटोड. म्हणून ईसीसी ८३ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, आणि ईएल ८४ म्हणजे शक्तिव्हॉल्व्ह. ६.३ व्होल्ट हा आकडाही योगायोगाचा नाही. तो मोटारीच्या तीन घटांच्या बॅटरीवरून आला.

ईसीसी ८३ हे अमेरिकेतील १२एएक्स७ या व्हॉल्व्हचे युरोपीय नाव. आरसीए कंपनीने तो १९४७ मध्ये आणला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची. या व्हॉल्व्हचा गुणन-अंक १०० आहे, तर त्याच्याच बैठकीत बसणाऱ्या १२एवाय७ चा चाळिशीच्या आसपास आणि १२एयू७ चा विसाच्या आत. तेव्हा पहिल्या टप्प्यात केवळ हा लहानसा व्हॉल्व्ह बदलला तरी पुढील टप्पे लवकर किंवा उशिरा अतिभारित होतात. वादक ज्यास 'नाद बदलला' म्हणतो त्यात पुष्कळदा एवढेच घडलेले असते.

शक्तिव्हॉल्व्हची घराणी मात्र खरोखर भिन्न आहेत. अमेरिकेत १९३६ मध्ये आलेला ६एल६ इलेक्ट्रॉनांची शलाका बांधून नेणाऱ्या रचनेचा आहे. जोडीने वापरल्यास सुमारे ५० वॅट शक्ती तो देतो, आणि बराच काळ स्वच्छ राहतो. त्याचा धाकटा भाऊ ६व्ही६ कमी शक्तीवरच वाकू लागतो. लिओ फेंडर यांचे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधले तेव्हा हेच ओळखीचे व्हॉल्व्ह घेतले. इंग्लंडमध्ये फिलिप्सच्या वंशातील पेंटोड सहज मिळत : १९४९ चा ईएल ३४ व १९५३ चा ईएल ८४. डिक डेनी यांनी १९५८ च्या सुमारास व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरसाठी ईएल ८४ वापरला. तो अल्प संकेतावर पूर्ण शक्तीस पोहोचतो. त्यातच व्हॉक्सच्या एसी ३० मध्ये ऋण प्रतिभरण न ठेवल्याने उच्च स्वर चमकदार आणि किंचित फुटलेले येतात. शॅडोज व बीटल्स यांच्या ध्वनिमुद्रणांतून हा नाद जगभर गेला.

१९६२ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बासमन अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. तरीही नाद वेगळा आला. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ ऐवजी ईसीसी ८३ बसला. अमेरिकी शक्तिव्हॉल्व्ह महाग पडत म्हणून आधी इंग्लिश बनावटीचा केटी ६६ व पुढे १९६६ च्या सुमारास ईएल ३४ आला. ईएल ३४ मध्यम स्वरांना पुढे ढकलतो आणि अतिभारात अधिक लवकर गुरगुरतो. 'ब्रिटिश नाद' म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात त्याच्या मुळाशी आयातखर्चाचा असा हिशेब आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. व्हॉल्व्ह हा नाद घडविणाऱ्या घटकांपैकी एक आहे, एकमेव नाही. निर्गम-ट्रान्सफॉर्मर, ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू, पेटीचे लाकूड, एकदिश प्रवाह पुरविणारा जीझेड ३४ सारखा व्हॉल्व्ह या सर्वांचा वाटा असतो. जीझेड ३४ च्या जागी घन-अवस्थेतील डायोड लावला तर जोराने छेडलेल्या स्वरानंतर क्षणभर येणारी दबलेली, मग फुलणारी अवस्था नाहीशी होते. एकाच जातीच्या पण निरनिराळ्या कारखान्यांच्या व्हॉल्व्हसाठी जुन्या शिक्क्यावरून जी भरमसाट किंमत मोजली जाते, तिच्यात ध्वनिशास्त्रापेक्षा श्रद्धेचा भाग अधिक दिसतो.

उपनगरांतील व्हॉल्व्ह

मुंबईच्या उपनगरांत व्हॉल्व्ह दोन वाटांनी आला, आणि या वाटा वेगवेगळ्या घराण्यांच्या होत्या.

पहिली वाट चित्रपटांची. बॉम्बे टॉकीजची स्थापना मालाड येथे १९३४ मध्ये झाली, गोरेगावात १९४३ मध्ये फिल्मिस्तान उभे राहिले, अंधेरीत १९५८ मध्ये फिल्मालय सुरू झाले. बोलपटाचा ध्वनी चित्रफितीवर उमटविणारी यंत्रे बहुतांशी अमेरिकेहून येत. अनेक जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'आरसीए फोटोफोन' हे नाव दिसते. ही यंत्रे अमेरिकी व्हॉल्व्हवर चालत आणि त्यांची निगा राखणारे सावक वाच्छा यांच्यासारखे ध्वनिमुद्रक व्हॉल्व्हचे खरे जाणकार होते. त्यांच्या दृष्टीने विकृती हा शत्रू होता. स्वच्छ ध्वनिमुद्रण हेच कौशल्य.

दुसरी वाट घरोघरीच्या रेडिओची. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९४० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एको या टाटा समूहाच्या रेडिओ कंपनीचा कारखाना पुढे अंधेरीत होता, आणि मुलुंडची हद्द ओलांडताच ठाण्यात मर्फीचा. दोन्ही नावे मुळात इंग्लिश कंपन्यांची, त्यामुळे त्यांच्या संचांत साहजिकच युरोपीय परंपरेचे व्हॉल्व्ह येत. ज्यांच्या घरी असा रेडिओ होता त्यांना तो तापेपर्यंतची प्रतीक्षा आणि स्थानक नेमके लागले की मिटणारा हिरवा डोळा आठवत असेल. महागड्या संचात व रेडिओग्राममध्ये ध्वनिक्षेपक चालविण्याचे काम पुष्कळदा ईएल ८४ कडे असे. म्हणजे लंडनच्या गिटारवादकास प्रिय झालेला तो व्हॉल्व्ह उपनगरातील दिवाणखान्यात बातम्या आणि नाट्यगीते ऐकवीत होता.

देशी उत्पादनानेही याच घराण्याची बाजू घेतली. बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला, तो फिलिप्सच्या वळणाने. ईसीसी ८३ व ईएल ८४ हे दोन्ही तेथे तयार होत. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच संस्थेत जर्मेनियमच्या अर्धसंवाहकांचे उत्पादन सुरू झाले. पाश्चात्त्य देशांत व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये एक पिढी लोटली. भारतात देशी व्हॉल्व्ह आणि देशी ट्रान्झिस्टर जवळजवळ जुळे जन्मले. मात्र आयात-नियंत्रणाच्या त्या काळात जुने यंत्र फेकून देणे कोणासही परवडत नव्हते. त्यामुळे व्हॉल्व्हचे आयुष्य कारखान्याबाहेर, दुरुस्तीच्या टेबलावर, पुष्कळ लांबले.

विद्युत गिटार या परिस्थितीत आली. सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) मध्ये पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा वाद्यमेळ सर्वतोमुखी केला. 'गुमनाम' (१९६५) मध्ये शंकर-जयकिशन यांच्या एका गाण्यात टेड लायन्स आणि त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर गिटार घेऊन उभा राहिला. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील भूपिंदर सिंग यांचे गिटारवादन तर आजही ओळखले जाते. राहुलदेव बर्मन यांची बहुतेक ध्वनिमुद्रणे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये, म्हणजे शहरात होत. मात्र वांद्र्यापासून मालाडच्या ऑर्लेम आणि बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीपर्यंतच्या गोवेकर व ईस्ट इंडियन वस्त्यांनी या वादकांचा मोठा भाग पुरविला. तेथील लग्ने, नाताळचे नृत्यसमारंभ आणि चर्चच्या आवारातील कार्यक्रम हीच त्यांची तालीम होती.

या वादकाच्या हाती अ‍ॅम्प्लिफायर कोणता होता? परदेशी बनावटीचा असल्यास तो सुट्या भागांविषयी कायम परावलंबी. अमेरिकी यंत्र ११० व्होल्टचे, आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. मध्ये दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवा. संध्याकाळी वीज मंदावली की धनाग्रावरील दाबही उतरे, आणि स्वच्छ राहावयाचा स्वर थोडा आधीच फुटे. मूळ जातीचा व्हॉल्व्ह गेला तर बाजारात असेल त्यावर भागवावे लागे, आणि बाजारात होते ते रेडिओचे व्हॉल्व्ह. ६एल६ व ईएल ८४ यांची बैठक, दाब आणि शक्ती इतकी भिन्न की एकाच्या जागी दुसरा बसत नाही. ईएल ८४ ला तीनशे व्होल्टच्या आसपास थांबावे लागते, ६एल६ चारशेच्या पुढे जातो. तेव्हा नव्याने बांधावयाचा लहान अ‍ॅम्प्लिफायर स्थानिक मालावर बेतला, तर तो फेंडरपेक्षा व्हॉक्सच्या कुळाकडे झुकणार, हे गणिताइतके सरळ आहे. अर्थात, सभांसाठीचा ध्वनिक्षेपक-संच गिटारला जोडला तर हा तर्क लागू पडत नाही. तो संच भाषण स्पष्ट पोहोचावे म्हणून बांधलेला असतो आणि खालचे स्वर त्यात मुद्दाम कमी ठेवलेले असतात.

इतिहासकारापुढील प्रश्न येथे उभा राहतो. साठच्या दशकातील एखाद्या ध्वनिमुद्रिकेत गिटारचा स्वर कडेने फुटलेला ऐकू येतो. ती वादकाची सौंदर्यदृष्टी मानावयाची, यंत्राची लाचारी मानावयाची, की ध्वनिमुद्रकाच्या डोळ्यांदेखत निसटलेला दोष? तिन्ही शक्यतांचा ध्वनी सारखाच असू शकतो. श्रेय कोणास द्यावयाचे हे कानावरून ठरत नाही. त्यासाठी त्या खोलीत कोणते यंत्र होते हे माहीत असावे लागते. सरोदवादकाच्या वाद्याचा कारागीर कोण, तंबोरा मिरजेत कोणाकडे घडला, हे आपण आस्थेने नोंदवितो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते भाग्य लाभले नाही, कारण त्याची गणना वाद्यात न होता विजेच्या सामानात झाली.

अस्त आणि अवशेष

१९७३ मध्ये अंधेरीत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सीप्झ, स्थापन झाले. हॅम यांनी व्हॉल्व्हची बाजू मांडली तेही हेच वर्ष. तोवर मध्यमवर्गीय घरात ट्रान्झिस्टर रुळला होता. व्हॉल्व्हचे संच माळ्यावर गेले, तेथून भंगारवाल्याकडे. ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याला भाव होता, काचेच्या नळ्यांना नव्हता.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी अ‍ॅम्प्लिफायर राजरोस मिळू लागले, तेव्हा उपनगरातील तरुण वादकास व्हॉल्व्ह ही नवी, चैनीची वस्तू म्हणून भेटली; आपल्या आजोबांच्या रेडिओत तीच होती हे त्यास बहुधा ठाऊक नव्हते. फोर्ट भागातील रंगभवनात १९८६ पासून भरणारा 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव ध्वनिमर्यादेच्या नियमांनंतर तेथून हलला आणि पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही भरला. शक्तिव्हॉल्व्ह वाकविण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने वाजवावा लागतो. ५० वॅटऐवजी १५ वॅटचा घेतला तरी ध्वनीची पातळी सुमारे ५ डेसिबलनेच उतरते. भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत हा नाद मिळविणे शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर अवलंबून आहे, आणि म्हणून आजचा बहुतेक सराव व्हॉल्व्हची गणिती नक्कल करणाऱ्या उपकरणांवर होतो.

भारतातील रेडिओ-व्हॉल्व्हचे उत्पादन कधीच थांबले. जगातही आता रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर बहुतांश पुरवठा अवलंबून आहे. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा काही आठवड्यांतच जगभर किमती भडकल्या. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्क्याचे न वापरलेले ईएल ८४ परदेशी संग्राहक आवर्जून शोधतात. इकडे ते कोणत्या संचांत बसले, कोणी बसविले, त्यातून काय वाजले याची नोंद नाही.

ती नोंद करण्याजोगी साधने पूर्णपणे नष्ट झालेली नाहीत. रेडिओ कंपन्यांनी विक्रेत्यांसाठी छापलेल्या दुरुस्ती-पुस्तिकांत प्रत्येक संचाचा आराखडा व व्हॉल्व्हची यादी असे. स्टुडिओंच्या खरेदीवह्या, वादकांच्या घरचे अल्बम, लग्नसमारंभांची छायाचित्रे यांत कोपऱ्यात उभी असलेली अ‍ॅम्प्लिफायरची पेटी पुष्कळदा दिसते. महाविद्यालयांतील इतिहास, भौतिकशास्त्र आणि संगीत या तिन्ही विभागांना एकत्र येऊन करता येईल असे हे काम आहे, आणि उपनगरांतील महाविद्यालयांना त्यासाठी दूर जावयाचे कारण नाही. अंधेरी-ठाण्याच्या रेडिओ कारखान्यांत १९६१ मध्ये विशीत असताना जोडणीच्या टेबलावर रुजू झालेले कामगार आणि त्याच वयाचे गिटारवादक आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत.